शेजारच्या साम्राज्याला वळवावे कसे?

प्रश्न : 'स्टेलारिस' हा अवकाशात साम्राज्य उभारण्याचा संगणकीय खेळ खेळताना शेजारचे संगणकचालित साम्राज्य माझा प्रत्येक करार नाकारते. खनिजे भेट देऊनही ते फार काळ खूश राहत नाही. काय करावे?
— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : २०१६ साली आलेल्या या खेळात समोरचा राजा रुसत नाही, तो बेरीज करतो. करार का नाकारला, याचा हिशेब अधिक-उणे आकड्यांत पडद्यावरच दिसतो. तो आधी शांतपणे वाचावा. भेटीने मिळालेली गोडी हळूहळू ओसरते, म्हणून खनिजे ओतत राहण्यापेक्षा संबंध सुधारण्यासाठी दूत नेमलेला मला अधिक योग्य वाटतो.

खरी किल्ली मात्र समान शत्रूत आहे. तुमचा शेजारी ज्याला प्रतिस्पर्धी मानतो, त्यालाच तुम्हीही प्रतिस्पर्धी जाहीर केलेत, तर त्याचे तुमच्याविषयीचे मत लगेच सुधारते, आणि आधी अनाक्रमण करार, मग संरक्षण करार अशी पायरीपायरीने वाट मोकळी होऊ लागते. पण ज्याच्याशी वैर पत्कराल तो झेपणारा आहे ना, हे त्याच्या आरमाराकडे पाहून आधीच ठरवा. आपल्या भागात बांधाला बांध लागला की कुरबुर होतेच, तशी लागून असलेल्या सीमांमुळे येथेही नाराजी साचते, आणि तुम्ही जिंकलेला प्रत्येक प्रदेश इतरांच्या मनातील धास्ती वाढवतो. त्यामुळे मैत्री जुळेपर्यंत नवी चढाई थांबवा.

१९९३ च्या 'मास्टर ऑफ ओरायन' या अशाच खेळात तर आपल्या हेरांच्या कृत्याचा आळ तिसऱ्यावर ढकलता येत असे. ती युक्ती येथे शोधत बसू नका.