टेकडीवर नव्याने येताय, तर...

निवृत्तीनंतर दिवस खायला उठतो, असं काल तुम्ही म्हणालात. मीही त्यातून गेलोय, म्हणून सांगतो. टेकडीवर लावलेल्या रोपांना पाणी घालायला येताय, तर सगळीच रोपं आपली मानू नका. दोनच घ्या, एक करंज, एक बहावा. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत ती तुमची. पाच लिटरचा कॅन पुरे, गुडघे सांभाळून चढा.

पाणी भसकन ओतू नका. आधी बोटाने माती उकरून बघा. आत ओल लागली तर त्या दिवशी राहू द्या. आळ्यात वाळका पालापाचोळा पसरा, ओल टिकते. एका मे महिन्यात माझा बहावा पार काडी झाला होता. नखाने साल जराशी खरवडली, तर आत हिरवंगार! त्या दिवशी उतरताना माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांच्या हाती दान नाही, काम दिलं. ते मला कुदळ हातात धरल्यावर खरं उमगलं. मन लागलं की जाईन, असं म्हणत घरी बसू नका. आधी या, मन मागून येतं. सोमवारी सकाळी सहाला पायथ्याशी भेटू. जादा कॅन आहे माझ्याकडे.