'पेशी' म्हणजे सेल की मसल?

चिमूर तालुक्यातल्या एका गावात बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: मुलांनी वहीत लिहिलं, 'रक्तवाहिनीची चिकनी पेशी पूर्वपेशीपासून तयार होते.' यातल्या दोन्ही पेशी एकच का? आणि 'पूर्वपेशी' म्हणावं की 'मूलपेशी'?

ताई, एकच नाहीत. 'चिकनी पेशी' हिंदी पुस्तकातून आली. हिंदीत पेशी म्हणजे मसल, आणि सेलला म्हणतात कोशिका. मराठीत सेल ती पेशी, मसल तो स्नायू. त्यात हिंदीत 'स्नायु' मज्जातंतूलाही म्हणतात! आपल्याकडे पोरांच्या हाती दोन्ही भाषांची पुस्तकं असतात, म्हणून हा घोळ विदर्भात फार. हिंदीचा अर्थ मात्र जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथेही पेशी मांसाची आणि स्नायू सांधे बांधून ठेवणारे. गावात तर पोटरीत गोळा आला तरी 'नस चढली' म्हणतात, म्हणजे स्नायू आणि नस बोलण्यात एकत्रच नांदतात. वहीत तसं चालणार नाही. तिथे 'अरेखित स्नायुपेशी' लिहावं. सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसत नाहीत, म्हणून अरेखित. शाळेच्या पुस्तकातला 'अपट्टकी'ही बरोबर.

आता पूर्वपेशी. मला हाच शब्द योग्य वाटतो. मूलपेशी म्हणजे स्टेम सेल; तिच्यापुढे अनेक वाटा मोकळ्या असतात. पूर्वपेशीची वाट बरीचशी ठरलेली असते. शिवाय या पूर्वपेशी एकाच कुळातल्या नाहीत. महाधमनीच्या कमानीत त्या न्यूरल क्रेस्टमधून, म्हणजे गर्भातल्या मज्जानळीच्या कडेच्या पेशीसमूहातून, येतात, खाली उतरणाऱ्या महाधमनीत मुख्यतः सोमाइटमधून, म्हणजे गर्भाच्या पाठीतल्या ऊतींच्या ठोकळ्यांमधून, आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत मुख्यतः हृदयाच्या बाहेरच्या आवरणातून. म्हणून 'पूर्वपेशींपासून' असं अनेकवचनच लिहायला लावा.

घडतं ते असं. गर्भात आधी रक्तवाहिनीच्या नळीचं आतलं अस्तर तयार होतं. अस्तराच्या पेशी पीडीजीएफ-बी नावाचं प्रथिन सोडतात, त्याच्या ओढीनं आसपासच्या पूर्वपेशी नळीभोवती जमतात आणि वाढतात. मग टीजीएफ-बीटा आणि नॉच हे पेशींमधले रासायनिक संकेत त्यांना स्नायूच्या वाटेला लावतात. पेशीच्या केंद्रकात मायोकार्डिन हे प्रथिन एसआरएफ या डीएनएवर बसणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीनं आकुंचनाची जनुकं चालू करतं. आकुंचनाच्या प्रथिनांपैकी ॲक्टिन लवकर दिसतं, अरेखित स्नायूचं खास मायोसिन बरंच उशिरा.

या सगळ्या क्रियेला 'विभेदन' (डिफरन्शिएशन) हा शब्द आहे. 'रूपांतर' इथे वापरू नये, त्याची गरज पुढे पडते: धमनीला इजा झाली की हीच तयार स्नायुपेशी आकुंचनाचं काम कमी करून पुन्हा विभागू लागते. तो रूपबदल वेगळा, त्याला वेगळा शब्द राखून ठेवलेला बरा.

तर वहीतलं वाक्य असं करा: 'रक्तवाहिनीतील अरेखित स्नायुपेशी पूर्वपेशींच्या विभेदनातून तयार होतात.'