चौकोन कधी फुटावा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, आम्ही चौघं मित्र दर रविवारी टेबलावर पंधरा मिलिमीटरच्या खेळण्यातल्या सैनिकांनी वॉटर्लूची लढाई खेळतो. विकत घेतलेल्या नियमांप्रमाणे घोडदळाला फाशावर सहा पडला की पायदळाचा चौकोन (चारही बाजूंना संगिनी रोखून उभी राहिलेली पलटण) फुटायचा. एका डावात तीन फुटले आणि जोरदार भांडण झालं. मग ‘चौकोन फुटतच नाही’ असा घरचा नियम केला. आता कुणी घोडदळ पुढेच काढत नाही.
– अ. प., सांगली

उत्तर : तुमचा नियम इतिहासाला फार सोडून नाही. १८ जून १८१५ला दुपारी चारच्या सुमारास नेपोलियनच्या मार्शल नेयनं फ्रेंच घोडदळ टेकाडावर सोडलं. वर ब्रिटिश पलटणी चार-चार रांगांचे चौकोन करून उभ्या होत्या. संगिनींच्या भिंतीवर घोडा अंग टाकत नाही, बाजूनं वळतो. ते चौकोन टिकले.

पण तुमच्या टेबलावर चौकोन फुकटात मिळतो, खोट तिथे आहे. त्याच संध्याकाळी ला हे सांतची वाडी फ्रेंचांनी घेतली. चौरस्त्याजवळ २७वी इनिस्किलिंग पलटण चौकोनात उभी होती. तिच्यावर जवळून तोफा-बंदुकांचा मारा झाला आणि जवळजवळ दोन तृतीयांश माणसं पडली. घोडदळानं पलटणीला चौकोनात डांबून ठेवायचं आणि मागून तोफा आणायच्या, हा खरा डाव. नेयच्या मागून पुरेशा तोफा आणि पायदळ आलं नाही.

माझ्या टेबलावर चौकोन एका चालीत दोनच इंच सरकतो, त्याचा गोळीबार एका बाजूपुरता आणि त्याला तोफेचा फटका दुप्पट. तो फुटायला एकदम दोन सहा पडावे लागतात. ही वाट मी मुद्दाम ठेवली आहे. २३ जुलै १८१२ला स्पेनमध्ये गार्सिया एर्नांदेस इथे ब्रिटिशांच्या बाजूनं लढणाऱ्या जर्मन लिजनच्या घोडदळानं फ्रेंचांचा चौकोन फोडला. गोळी लागलेला एक घोडा स्वारासकट रांगेवर कोसळला आणि त्या भगदाडातून बाकीचे आत घुसले. क्वचित घडणारी गोष्ट आहे, पण घडलेली आहे.

चौकोन वेळेवर झाला का, याचा फासा मात्र दर वेळी टाकाच. वॉटर्लूच्या दोनच दिवस आधी कात्र ब्रा इथे ६९वी पलटण चौकोन पुरा होण्याआधी चिलखती घोडेस्वारांच्या तावडीत सापडली आणि आपलं निशाण गमावून बसली. हल्ला सहा इंचांच्या आतून आला तर आम्ही एक किंवा दोनला चौकोन अर्धवट धरतो. हा नियम आल्यापासून माझा पुतण्या घोडदळ शेवटपर्यंत टेकाडाआड दडवून ठेवतो, आणि त्याच्यासमोर पायदळ पुढे न्यायचं तर मला दहादा विचार करावा लागतो. मला खेळात हेच हवं असतं.

प्रश्न : आम्ही असईची लढाई मांडली आहे. शिंद्यांच्या बाजूचा खेळाडू दर वेळी हरतो. त्याला जास्त सैन्य द्यावं का?
– सु. ग., जालना

उत्तर : सैन्य मुळीच वाढवू नका. २३ सप्टेंबर १८०३ला शिंदे-भोसल्यांकडे माणसं ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या कितीतरी पटींनी होती. तुमच्या नियमांत त्यांची लायकी कमी धरली असणार. बाहेरची नियमपुस्तकं हिंदी फौजांना सरसकट ‘कच्च्या’ ठरवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वेलस्ली केळणा नदी ओलांडून बगलेवर आला तेव्हा शिंद्यांच्या पदरच्या पोलमन या जर्मन सेनानीच्या हाताखालच्या कंपूंनी (कवायती पलटणींनी) सगळी आघाडी वळवून त्याच्यासमोर उभी केली. शत्रू समोर असताना अशी फिरत करायला कवायत पक्की लागते. तेव्हा या पलटणींना वळायला ब्रिटिशांइतकीच चाल द्या.

दुसरा नियम गोलंदाजांचा. ब्रिटिश रांग तोफा ओलांडून पुढे गेली, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला ७८वी हायलँडर पलटण मागे फिरवून आणि मद्रासचं देशी घोडदळ घेऊन त्या तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या. आम्ही असं करतो : तोफा घेतल्यावर त्यांच्याजवळ एक तुकडी थांबली तर काही होत नाही. सगळेच पुढे गेले तर पुढच्या चालीला प्रत्येक तोफेसाठी फासा, पाच-सहाला ती जिवंत. म्हणजे थांबावं की धावावं, हा पेच ब्रिटिश खेळाडूवर येतो.

असई गावाभोवतीच्या तोफा कमी करू नका. चुकून त्या बाजूला गेलेल्या ७४व्या पलटणीची तिथे धूळधाण झाली होती. आणि हे दोन्ही नियम पहिला फासा पडण्याआधी पुठ्ठ्यावर लिहून टेबलाच्या कडेला ठेवा. डाव चालू असताना सुचलेला नियम, कितीही खरा असो, पुढच्या रविवारी लागू.