गाडीत बसलं की वीज काही करत नाही म्हणतात, खरं का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी तासगावचा, चॅनलसाठी स्ट्रिंजर म्हणजे बातमीमागे पैसे घेणारा वार्ताहर म्हणून काम करतो. वळीव सुरू झाला की डेस्कवरून फोन येतो, विजेचे व्हिज्युअल्स पाठव. मी गाडीतच बसून काच खाली करून शूट करतो, कारण सगळे म्हणतात टायर रबराचे असतात म्हणून गाडीत धोका नाही. हे बरोबर आहे का? आणि दुसरं, वीज चमकली की माझी फ्रेम अर्धी पांढरी अर्धी काळी येते, कॅमेरा खराब झालाय का?

उत्तर : भाऊ, आधी ते टायरचं डोक्यातून काढून टाका. जी वीज ढगातून कित्येक किलोमीटर हवा फोडून खाली येते ती चार बोटं रबराला काय थांबणार आहे? गाडीत माणूस वाचतो तो पत्र्यामुळे. वीज टपावर पडली तर करंट बाहेरच्या बाहेर बॉडीवरून चासीत आणि तिथून ओल्या टायरवरून किंवा सरळ उडी मारून जमिनीत जातो, आत येत नाही. मायकेल फॅराडेने १८३६ साली धातूने मढवलेली मोठी पेटी बनवून हेच दाखवलं होतं, बाहेरून ठिणग्या सोडल्या तरी आत काही जाणवत नव्हतं. गाडीचं मात्र नुकसान होतं बरं का, टायर फुटतो, इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

आता तुमची काच. काच खाली, लेन्स बाहेर, हात दारावर आणि वर माईकची केबल खिडकीतून लोंबतीये, म्हणजे त्या पेटीला तुम्ही स्वतःच भोक पाडलं आणि करंटला आत यायला वायर दिली. म्हणून काचा पूर्ण वर, केबल आत, चार्जर सॉकेटमधून काढलेला, आणि हात मांडीवर, म्हणजे स्टिअरिंग, गिअर, दाराची कडी, रेडिओ कशालाच हात नाही. शूट काचेतूनच करा, लेन्स काचेला जवळ लावली आणि आतला दिवा बंद केला की रिफ्लेक्शन येत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची पण झाडाखाली नाही न तारेखाली नाही. आणि हे सगळं फक्त पत्र्याच्या टपाच्या गाडीला लागू, ताडपत्रीची जीप, रिक्षा, ट्रॅक्टर, मोटरसायकल यात काहीच संरक्षण नाही.

ट्रायपॉड बाहेर लावून उभं राहू नका हे मी हात जोडून सांगतो. कार्बन फायबरचा आहे म्हणून चालेल असं काही जण म्हणतात, पण कार्बन फायबरमधून पण करंट जातो, आणि माळावर मुळात प्रश्न उंचीचा असतो, सपाट रानात सगळ्यात उंच तुम्हीच. मी बेटाकॅमवर, म्हणजे जुन्या टेपच्या कॅमेऱ्यावर काम शिकलो त्या दिवसांत एकदा जतच्या माळावर असाच उभा होतो, चमकल्यावर आवाज सहा-सात सेकंदांनी येत होता म्हणजे वीज दोन किलोमीटरवर, तरी अजून एक शॉट म्हणून थांबलो आणि पुढची वीज बांधावरच्या बाभळीवर पडली, बाभूळ उभी चिरली, मी शंभरेक पावलांवर. तेव्हापासून मी मोजतो. आवाजाला किलोमीटरमागे साधारण ३ सेकंद लागतात, चमक आणि गडगडाट यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर ताबडतोब गाडीत, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर कळतं. ओबी व्हॅन म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी सोबत असेल आणि तिच्यावर मास्ट म्हणजे उंच खांब असेल तर ढग भरून यायच्या आधीच तो खाली घ्यायला सांगा, कडकडाट सुरू झाल्यावर त्याला हात लावायला जायचं नाही.

फ्रेमचं सांगतो, कॅमेरा खराब नाही. आत्ताच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सीमॉस सेन्सर म्हणजे चित्र टिपणारी चिप असते, ती चित्र वरून खाली ओळीओळीने वाचते, वीज त्या मधल्या एका क्षणात चमकून जाते, म्हणून काही ओळींना उजेड मिळतो काहींना नाही. जुन्या सीसीडी सेन्सरला हे होत नव्हतं. पत्रकार परिषदेत फोटोग्राफरांचे फ्लॅश उडतात तेव्हा पण हीच पट्टी दिसते बघा. शटर १/५० वर ठेवा, वाढवलं तर पट्टी अजून बारीक होते. काही कॅमेऱ्यांत मेन्यूत फ्लॅश बँड कॉम्पेन्सेशन असतं ते चालू करून बघा, नाहीतर एडिटिंगला ती एक फ्रेम काढून टाकली तरी भागतं. आयरिस म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र मॅन्युअल ठेवा, नाहीतर ऑटोमध्ये चमक झाली की तो बंद होतो आणि मागचं आभाळ काळं पडतं. फोकस लांबच्या दिव्यावर धरून लॉक.

एसीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, तर पाऊस थांबून बाहेर निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या असू द्या, पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागली की ती साफ करायचा खर्च मोठा होतो.

आणि डेस्कला स्पष्ट सांगा की गाडीतूनच मिळेल. रागावले तर रागावू देत.