वाग्यू, कोबे आणि ए५ : एका पाकिटावरचे शब्द

प्रश्न असा आहे : जपानी बीफसाठी वापरले जाणारे 'वाग्यू' आणि 'कोबे' हे समानार्थी शब्द आहेत का? दुकानातल्या पाकिटावर 'ऑस्ट्रेलियन कोबे वाग्यू ए५' असं छापलेलं आहे, तर ते अस्सल समजायचं का?

समानार्थी नाहीत. पाकिटावरच्या चार शब्दांपैकी 'ऑस्ट्रेलियन' आणि 'वाग्यू' यांचं एकमेकांशी जमू शकतं. पण 'ऑस्ट्रेलियन' म्हटलं की 'कोबे' आणि 'ए५' हे दोन्ही गळायलाच हवेत.

'वा' म्हणजे जपानी आणि 'ग्यू' म्हणजे गोवंश. 'ग्यू'मधला ऊकार दीर्घ आहे, म्हणून मराठीत 'वाग्यू' लिहावं. 'वाग्यू बीफ' ही द्विरुक्ती नाही, 'वाग्यू गाय' मात्र आहे. अर्थ 'जपानी गोवंश' इतका मोघम असला, तरी जपानमधलं प्रत्येक जनावर वाग्यू नसतं. काळी, तपकिरी, आखूडशिंगी आणि बिनशिंगी अशा चार ठरावीक जाती आणि त्यांचे आपसातले संकर, एवढ्यांनाच तिथे हा शब्द लावता येतो. त्यातही नव्वद टक्क्यांहून जास्त जनावरं काळ्या जातीची, म्हणजे 'कुरोगे वाशू'. जपानमध्येच वाढलेल्या होल्स्टीन या दुधाळ जातीचं मांस 'कोकुसान-ग्यू', म्हणजे स्वदेशी बीफ, म्हणून विकतात. दोन्ही नावांत 'ग्यू' असल्यामुळे जपानला गेलेले पर्यटक नेमके इथे गोंधळतात.

'कोबे' हे जातीचं नाव नाही, जपानच्या ह्योगो प्रांतातल्या शहराचं आहे. हापूस ही जात आणि देवगड हे ठिकाण, तसं इथे वाग्यू आणि कोबे यांचं नातं आहे, फक्त कोबेला वर एक परीक्षाही द्यावी लागते. जिवंत जनावराला कोणी कोबे म्हणत नाही, ते 'ताजिमा' असतं, म्हणजे काळ्या जातीतल्याच एका वंशाचं. ताजिमा वंशाची न व्यालेली कालवड किंवा खच्ची केलेला गोऱ्हा ह्योगो प्रांतात जन्मला, तिथेच वाढला, तिथल्याच कत्तलखान्यात कापला गेला आणि त्यानंतर मांस ठरलेल्या प्रतीत उतरलं, तरच त्याला 'कोबे' हे नाव मिळतं. त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या जनावराचं मांस प्रतीत कमी पडलं तर ते कोबे ठरत नाही. या मांसाची निर्यात सुरू झाली २०१२ साली, तीही आधी मकावला. त्याआधी अमेरिकेतल्या हॉटेलांत 'कोबे' नावाने वाढलं जायचं ते कोबे नव्हतं.

आता 'ए५'. यातली दोन अक्षरं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यांची सरमिसळ फार होते. 'ए' हा उताऱ्याचा दर्जा आहे. सोललेल्या धडातून विकण्याजोगं मांस किती निघेल, त्याचं प्रमाण ७२ किंवा जास्त असलं की ए, ६९ ते ७२ असलं की बी, त्याखाली सी. खाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून बी५ मांस ए५पेक्षा चवीला उणं मानू नये. आकडा मात्र मांसाच्या गुणाचा. सहाव्या आणि सातव्या बरगडीमध्ये काप घेऊन चरबीची जाळी, मांसाचा रंग, घट्टपणा व पोत आणि चरबीचा रंग व चकाकी असे चार निकष तपासतात, आणि चारांत जो सर्वांत कमी तोच अंतिम अंक धरतात. चरबीच्या जाळीसाठी १ ते १२ अशी आणखी एक मोजपट्टी आहे, तिला बीएमएस म्हणतात. त्यावर ८ ते १२ मिळाले की '५', ५ ते ७ मिळाले की '४'. म्हणजे बीएमएस ८चं मांस आणि १२चं मांस, दोन्ही 'ए५'च, पण दिसायला आणि खायला बरंच वेगळं. म्हणून दुकानदाराला बीएमएसचा आकडा विचारावा. कोबेसाठी हा आकडा किमान ६ लागतो, त्यामुळे ए४ कोबे असू शकतं आणि प्रत्येक ए५ कोबे नसतं.

ही प्रतवारी जपानची आहे. ऑस्ट्रेलियात चरबीच्या जाळीसाठी शून्य ते ९ अशी स्वतंत्र मोजपट्टी आहे आणि ९च्या पुढच्या मांसाला '९+' लिहितात. तिथलं वाग्यू म्हणजे जपानहून नेलेल्या वंशाची पैदास, बहुतेकदा अँगससारख्या जातींशी संकर केलेली. यात फसवणूक काही नाही, पण टक्केवारी समजून घ्यावी : 'एफ१' म्हणजे निम्मं रक्त वाग्यूचं, 'एफ२' म्हणजे पाऊण, 'एफ४' म्हणजे सुमारे ९४ टक्के, आणि 'फुलब्लड' म्हणजे संकर अजिबात नाही.

जपानी मालाची खात्री करायची असेल तर दहा आकडी ओळख क्रमांक मागावा. २००३च्या कायद्याने जपानमधल्या प्रत्येक जनावराला तो मिळतो आणि तिथल्या राष्ट्रीय पशुपैदास केंद्राच्या संकेतस्थळावर टाकला की जन्मतारीख, लिंग, जात, कोणत्या प्रांतात वाढलं आणि कधी कापलं हे दिसतं. कोबे असेल तर जात 'कुरोगे वाशू' हवी आणि जन्मापासून कत्तलीपर्यंत सगळीकडे ह्योगोच हवं. एकाच क्रमांकाची अनेक पाकिटं असणं स्वाभाविक आहे, कारण एका धडातून शेकडो किलो मांस निघतं. पण हॉटेलच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र वर्षभरापूर्वीच्या कत्तलीचं असेल, तर आज ताटात आलेल्या मांसाशी त्याचा संबंध काय, हे विचारायलाच हवं.

खिमा, जीभ, कलेजी यांना हा कायदा लागू नाही. म्हणून 'कोबे बर्गर'मधल्या खिम्याची खात्री अशा क्रमांकावरून करता येत नाही आणि त्याला कोबेचा भाव देऊ नये. तुमच्या पाकिटाचंही तेच. आत चांगलं ऑस्ट्रेलियन वाग्यू असू शकेल. तेव्हा 'फुलब्लड की एफ१?' आणि 'मार्बल स्कोअर (चरबीच्या जाळीचा आकडा) किती?' हे दोन प्रश्न विचारावेत आणि त्या उत्तरांवरूनच किंमत ठरवावी.