जपानी-स्पॅनिश तांत्रिक अनुवादक कुठे मिळतील?

प्रेस टूल (पत्र्याला दाबून आकार देणारे साचे) आणि सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनची जपानी मॅन्युअल्स स्पॅनिशमध्ये हवी असतील, तर सर्वांत आधी मेक्सिकोकडे बघा. तिथल्या ग्वानाह्वातो राज्यात माझ्दा आणि होंडा यांचे कारखाने २०१४ साली सुरू झाले, जवळच्याच आग्वासकालिएन्तेस राज्यात निसान त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. त्यांच्यामागोमाग जपानी सुटे भाग बनवणारे आले, आणि शॉप फ्लोअरवर दोन्ही भाषा रोज बोलणारे दुभाषेही तयार झाले. मला विचाराल तर साहित्याची पदवी असलेल्यापेक्षा असा माणूस निवडा. ज्याने प्रेसमधली डाय (साचा) बदलताना शेजारी उभं राहून काम केलंय, त्याला वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फक्त तो लिहितोही नीट ना, ते तपासा. बोलणं आणि लिहिणं वेगळं.

प्रोझ (ProZ.com) या अनुवादकांच्या संकेतस्थळावर भाषाजोडी आणि विषय निवडून शोधता येतं. पण प्रोफाइलवर विसंबू नका. एक पान पैसे देऊन करून घ्या, त्यात हीट ट्रीटमेंट (धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलणं) आणि टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) दोन्ही असू द्या. जेआयएस या जपानी औद्योगिक मानकांमधलं 'एसकेडी ६१' हे टूल स्टीलचं नाव दिसलं की मेक्सिकोतल्या वाचकासाठी जवळचा ग्रेड अमेरिकी पद्धतीतला एच १३ आहे, हे त्याला सुचतंय का बघा. मूळ नाव मात्र त्याने कायम ठेवलंच पाहिजे.

थेट जोडीचा माणूस नाहीच मिळाला तर इंग्रजीमार्गे करा, पण मग सुरक्षेच्या सूचना जपानी जाणणाऱ्या इंजिनिअरकडून मूळ मजकुराशी ताडून घ्याच.