टोपी-चष्म्यामागचा शब्द

प्रश्न : मुलीच्या मोबाइलवर टोपी-चष्म्याचं चित्र आणि ‘इन्कॉग्निटो’ हा शब्द दिसला. सर, याचा अर्थ काय? ‘अनॉनिमस’ म्हणजे तेच का? मराठीत याला शब्द आहे?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : आहे ना ताई, आणि तो तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे : अज्ञात. इन्कॉग्निटो इंग्रजीत आला इटालियनमधून, पण मूळ लॅटिन, ‘इन्कॉग्निटस’. त्यातला ‘इन्’ म्हणजे आपला नकाराचा ‘अ’, आणि ‘ग्नो’ हा आपल्या ‘ज्ञा’ धातूचा सख्खा भाऊ. तीस वर्षं इंग्रजी शिकवली, पण हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहिले की दरवेळी अंगावर शहारा यायचा. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव म्हणून राबणारा भीम इन्कॉग्निटोच होता.

अनॉनिमस म्हणजे निनावी. सही नसलेलं पत्र, नाव न सांगता दिलेली देणगी.

वेषांतर, म्हणजे ‘डिसगाइज’, तेही वेगळं. पाच्छा पेठेत आमच्या दारी बहुरूपी यायचा. खाकी कपडे, हातात काठी, “चला, वॉरंट आहे!” मी आईच्या पदराआड. आई पिठाच्या हातानंच बाहेर यायची आणि त्याच्या झोळीत सूपभर ज्वारी घालायची. त्याला इन्कॉग्निटो म्हणता येणार नाही. लोकांनी ओळखावं, दाद द्यावी म्हणूनच तो सोंग घ्यायचा.

इन्कॉग्निटोत चेहरा झाकायलाच हवा असं नाही, हुद्दा बाजूला ठेवला तरी पुरतं. रशियाचा झार पीटर १६९७ मध्ये ‘प्योत्र मिखाइलोव्ह’ या नावानं युरोपात गेला. साडेसहा फुटांहून उंच माणूस, लपणार कुठे? पण बराचसा मानपान टळला आणि हॉलंडच्या गोदीत जहाजबांधणी हातानं शिकता आली.

मोबाइलमधला इन्कॉग्निटोही असाच अर्धामुर्धा. २००८ साली क्रोम, म्हणजे इंटरनेटवरच्या साइट उघडायचा गूगलचा ब्राउझर, आला तेव्हापासून तो त्यात आहे. त्यातल्या खिडक्या बंद केल्या की काय पाहिलं याची नोंद फोनवर राहत नाही, एवढंच. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कुठल्या साइट उघडल्या ते कळू शकतं, आणि जिथे लॉगइन केलं त्या साइटला तर आपण कोण ते कळतंच. तेव्हा लेक काही लपवतेय असं लगेच मनात आणू नका, ताई. मैत्रिणीच्या फोनवर स्वतःचं खातं उघडायचं असेल तर मी तिला हाच मोड वापरायला सांगेन.

उच्चारात जोर ‘कॉग’वर द्या किंवा ‘नी’वर, दोन्ही बरोबर.